पांढऱ्या हातमोज्यांचे महाराज

ग्लासातलं पाणी काळं झालं आणि आमच्या अंगणातली माणसं श्वास घ्यायची विसरली.

साधंसुधं काळं नाही. शाईची दौत सांडावी तसं निळसर, गडद काळं. क्षणापूर्वी त्या ग्लासात नळाचं पाणी होतं आणि त्यात आमच्याच बेकरीच्या पोत्यातला चमचाभर मैदा ढवळलेला होता. गावोगाव फिरणाऱ्या महाराजांनी एका इवल्याशा बाटलीतून मधाच्या रंगाचे थेंब त्यात सोडले. त्या बाटलीतल्या पाण्याला ते ‘साक्षीजल’ म्हणत. ग्लास उंच धरून त्यांनी तो सगळीकडे फिरवला, अगदी मागे ब्रेडच्या रिकाम्या क्रेटवर उभ्या असलेल्या माणसांनाही दिसेल असा.

“हा गव्हाचा राग,” ते हलक्या आवाजात म्हणाले. हलक्या आवाजात बोललं की माणसं पुढे वाकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी गव्हाची कर्मकहाणी सुरू केली. गहू मुळात फार प्रेमळ. पण गिरणीच्या यंत्रांनी त्याला चिरडलं, त्याची कुणी विचारपूस केली नाही, म्हणून तो रुसला. रुसलेलं अन्न पोटात गेलं की भांडतं. कुणाचं पोट फुगतं, कुणाचे केस गळतात, कुणाला जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणतात, खाऊ नका. म्हणजे रुसलेल्याला घराबाहेर काढा. महाराज काय करतात? समजूत काढतात.

एवढं बोलून त्यांनी हाताची दोन बोटं काळ्या पाण्यात बुडवली. हातात पांढरे सुती मोजे होते. अन्नाला उघड्या हाताने शिवणं हा त्याचा अपमान, असं ते म्हणत. बोटांनी पाणी ढवळत ते काहीतरी पुटपुटले आणि पाणी पांढरं झालं. पुन्हा साक्षीजलाचे थेंब सोडले. पांढरं ते पांढरंच. राग गेला. उरलेलं पाणी त्यांनी मैद्याच्या उघड्या पोत्यावर शिंपडलं. समजूत एका दाण्याकडून दुसऱ्या दाण्याकडे पसरते म्हणे, त्यामुळे अख्खं पोतं शुद्ध.

आता दाण्याचं पीठ झाल्यावर दाणे कुठले उरले, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर तोंडाला मास्क लावून, मांडीवर स्वतःचा डबा घेऊन बसले होते आणि फक्त माझ्या बाबांकडे बघत होते. कारण बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझे बाबा बेकर आहेत. खाली बेकरी, वर आमचं घर. आणि मला सिलिअॅक आहे. म्हणजे गहू, जव आणि त्यांच्या भावंडांत ग्लूटेन नावाचं जे प्रथिन असतं, ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, ती झिजते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. बेकराच्या घरी जन्माला येऊन मैदा न चालणं म्हणजे कोळ्याच्या घरी जन्मून पाण्याचं वावडं असण्यासारखंच. सगळे विनोद करून झालेत, तुम्ही नवा सुचवू शकणार नाही.

हे कळायच्या आधी मी वर्गातली ‘मेणबत्ती’ होते. पांढरी, बारीक आणि दुपारपर्यंत विझणारी. रोग कळला, गहू बंद झाला आणि गेल्या वर्षात मी अशी वाढले की आईने माझ्या स्कर्टची शिवण दोनदा उसवली. आता मी वादविवाद स्पर्धेत बोलते. रिले शर्यतीत शेवटचा टप्पा माझा असतो. मला माझा आवाज आहे हे मला अलीकडेच कळलंय आणि मी तो भरपूर वापरते.

पण रोजचं जगणं म्हणाल तर डोकं फिरवणारं आहे. वरच्या स्वयंपाकघराचा बंदोबस्त आईकडे. माझा टोस्टर वेगळा, चाळणी वेगळी, लोण्याचा डबा वेगळा, कारण ब्रेडला लावलेली सुरी लोण्यात परत बुडवली की संपलं. बाहेर सूप मागवावं तर ते घट्ट करायला मैदा. चिप्स घ्यावे तर मसाल्यात गहू. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिची आई प्रेमाने सांगते, तुझ्यासाठी केकवरचं क्रीम काढून ठेवलंय. ते क्रीम केकवरून काढलेलं असतं, हे तिला कसं सांगायचं? सांगितलं की आपण नखरेल. नाही सांगितलं की रात्रभर पोट धरून बसा.

आणि तो एक शब्द. ‘थोडंसं’. थोडंसं खाल्लंस तर काय होतंय? अगदी थोडंसंच आहे. बेकरीच्या गल्ल्यावर बसणारी माझी आत्या तर या शब्दाची घाऊक व्यापारी. मला ती ‘राणीसाहेब’ म्हणते. राणीसाहेबांचा डबा आला का, राणीसाहेबांना आमचा बन कसा चालेल. एकदा तिने मला न सांगता तांदळाच्या खिरीत बिस्किटाचा चुरा घातला होता, मला ‘सवय लागावी’ म्हणून. त्यानंतर आई आणि आत्या बरेच दिवस फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या.

पण या सगळ्यात सगळ्यांत वाईट काय असेल, तर बाबा.

आमच्या घरची एक रीत होती. भट्टीतून पहिला घाणा बाहेर आला की पहिल्या ब्रेडच्या टोकाचा कुरकुरीत तुकडा माझा. बाबा तो फुंकर मारून, तळहातावर झेलत वर घेऊन यायचे. आजोबांनी तो बाबांना दिला होता, बाबांनी मला. आता बाबा काम संपलं की अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतात, शर्ट बदलतात, मग वर येतात. आणि तरीही दारात थांबून आईला विचारतात, “आत येऊ का?” स्वतःच्या घरात. जणू आपल्या अंगाला विष लागलंय.

म्हणून महाराज जेव्हा म्हणाले की पुढच्या रविवारी याच शुद्ध मैद्याचा ब्रेड याच बेकरकन्येने सर्वांसमोर खावा, तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बेकरकन्या म्हणजे मी.

रात्रीच्या जेवणाला आई मध्ये पडली, आत्या मध्ये पडली, सगळे मध्ये पडले. आत्याचं म्हणणं, डॉक्टरांना गिऱ्हाईक बरं होऊन कसं चालेल? आणि पलीकडच्या शिंपिणीने महाराजांचा ब्रेड खाल्ला, तिला काही झालं नाही. मी सांगितलं की तिला हा रोग आहे की नाही हेच कुणी तपासलेलं नाही. आणि असला, तरी तो प्रत्येकाला लगेच दिसत नाही. बाहेरून माणूस हसत असतो, आत लव झिजत असते. आत्या म्हणाली, किती वाचतेस गं.

बाबा माझ्याकडे न बघता ताटातल्या भातात रेघा ओढत होते.

“एकच घास,” ते म्हणाले. “तेवढ्यासाठी नाही म्हणू नकोस.”

मी नाहीच म्हणाले. आजारानंतर पुन्हा मिळालेली ताकद मी एका घासावर लावणार नव्हते.

तेव्हा ते जे बोलले ते मला आजही नीट लिहिता येत नाही. “तुला बरं व्हायचंच नाहीये का, पोरी?”

मी ताट तसंच ठेवून उठले. रडले नाही. खोटं कशाला, रडले. पण रडताना माझ्या डोक्यात तो ग्लास फिरत होता. काळा, पांढरा. काळा, पांढरा. तो निळसर काळा रंग मी कुठेतरी बघितला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रयोगशाळेच्या दारातच मला आठवलं. बटाटा! मागच्या वर्षी आम्ही बटाट्याच्या कापावर आयोडिनचे थेंब टाकले होते आणि तो असाच काळानिळा झाला होता. विज्ञानाच्या बाईंना मी एका दमात सगळं सांगितलं. आमच्या बाई कमी बोलतात आणि जास्त विचारतात, ही त्यांची वाईट खोड आहे. त्यांनी आयोडिनची बाटली पुढे ठेवली आणि विचारलं, “तुला काय चालतं?”

“भात.”

“मग त्यावर टाक.”

मी डब्यातला भात बशीत काढला, थेंब टाकला. काळाकुट्ट. मी कितीतरी वेळ बघत राहिले. जो भात मी रोज खाते, ज्याने मला मेणबत्तीची धावपटू केली, त्यातही ‘गव्हाचा राग’? बाईंनी सांगितलं की आयोडिन फक्त पिष्ट दाखवतं, म्हणजे स्टार्च. ते भातात, बटाट्यात, मक्यात, मैद्यात सगळीकडे असतं. ग्लूटेनशी त्याची ओळखदेखील नाही.

मग पांढरं कसं होतं? बाईंनी पुन्हा प्रश्नच केला. लिंबात, संत्र्यात असं काय असतं जे आयोडिनचा रंग घालवतं? मला उत्तर येत होतं, कारण ते माझ्या दप्तरात होतं. रक्त वाढायला मी लोहाची गोळी घेते आणि तिच्याबरोबर क जीवनसत्त्वाची एक आंबट गोळी. काळा भात पाण्यात कुस्करला आणि तीच गोळी कुटून त्यात टाकली. ढवळली. पाणी साफ. वर पुन्हा आयोडिन टाकलं. तरी साफ.

म्हणजे महाराजांच्या मोज्यात मंत्र नव्हता. पांढऱ्या मोज्यात पांढरी पूड होती.

मी उड्या मारत घरी आले. बाबांना अंगणातच गाठलं. ते सांडपाण्याच्या मोरीपाशी उकिडवे बसले होते. आमच्या बेकरीत रोज संध्याकाळी हा सोहळा असतो. पीठ मळायची भांडी धुतली की मोरीच्या जाळीत एक चिवट, राखाडी, रबरासारखा गोळा अडकतो आणि पाणी तुंबतं. बाबा बोटं घालून तो उपसून काढतात आणि त्याला मनापासून शिव्या घालतात. मी त्यांना भात सांगितला, आयोडिन सांगितलं, गोळी सांगितली. ते गोळा ओढत राहिले.

“ते हात वापरतात, तू गोळी,” शेवटी ते म्हणाले. “म्हणून ते खोटं कसं ठरतं? तू शाळेत करून दाखवलंस, त्यांनी साधनेने केलं.”

मला संताप आला. पुराव्याच्या पुढ्यात बसूनही माणसाला तो दिसत नाही, कारण त्याला न दिसण्याची फार गरज असते. मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या त्या रबराकडे. आणि मी गप्प बसले. त्या आठवड्यात मी केलेलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं.

रविवारी अंगण फुलून गेलं. क्रेटवर माणसं, भिंतीवर माणसं, पोत्यांवर माणसं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर शुद्ध मैद्याचा ब्रेड, बाबांनी स्वतः भाजलेला. शेजारी टोकाचा तुकडा कापून ठेवलेला. फार सुंदर भाजला होता.

काळं झालं, पांढरं झालं, टाळ्या झाल्या. मग महाराजांनी मला बोलावलं. “ये कन्ये. अन्न तुझी वाट बघतंय.”

मी मास्क लावूनच खाली उतरले. आधी माझं अन्न तपासा, म्हटलं, मला हे चालतं, मग त्यात राग नसणार. डब्यातला भात मी पाण्यात कुस्करला आणि ग्लास पुढे केला. ते हसले, पण सगळे बघत होते. साक्षीजल टाकावंच लागलं. पाणी काळं झालं.

कुजबुज उठली. एका क्षणापुरती मी जिंकले होते. महाराजांनी मात्र डोळे मिटले आणि खेदाने मान हलवली. बेकरीच्या वर राहून मुलीच्या भातालाही गव्हाचा राग लागला आहे, म्हणाले. किती भयंकर. लोक हळहळले. माझ्यासाठी.

मी त्यांना हातमोजा काढून ढवळायला सांगितलं. अन्नाचा अपमान होईल, म्हणाले. मग मी खिशातून गोळीची पूड काढली आणि काळ्या भातात टाकली. ढवळलं. पांढरं. आता तरी? महाराजांनी दोन्ही हात जोडले आणि घोषणा केली की कन्येला त्यांच्या सहवासानेच सिद्धी लाभली आहे. टाळ्या वाजल्या. आत्याने तर डोळे पुसले.

तुम्हाला कधी असं झालंय का, की तुम्ही दार उघडलंत आणि मागे भिंतच होती? ज्याला दोन्ही बाजूंनी जिंकता येतं अशा माणसाशी वाद घालता येत नाही. म्हणून मी त्यांच्याशी बोलणं सोडून दिलं.

“बाबा,” मी म्हटलं, “रोज मोरीत काय अडकतं?”

बाबांना प्रश्न कळला नाही. आत्या पुटपुटली की आता मोरी कुठून आली मध्येच.

“तो चिवट गोळा. पिठातलं सगळं धुऊन जातं आणि तोच उरतो. तेच ग्लूटेन आहे, बाबा. तेच मला चालत नाही. महाराजांनी पोत्यातून ते घालवलं असेल, तर या मैद्याचा गोळा धुतल्यावर हातात काही उरणार नाही. मग मी अख्खा ब्रेड खाईन. इथेच.”

महाराज म्हणाले, शुद्ध अन्नाला नळाखाली धरणं हे पाप आहे. पण आता ते जरा मोठ्याने बोलले, आणि कुणी पुढे वाकलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी बाह्या वर केल्या. पोत्यातला मैदा परातीत घेतला, पाणी घातलं आणि मळायला लागले. बाबांना मळताना बघणं हे वेगळंच सुख आहे, मी ते लांबूनच बघते. गोळा झाला. त्यांनी तो थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवला. महाराजांबरोबर आलेल्या माणसाने बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या.

मग बाबांनी नळ सोडला. गोळा दाबत, फिरवत, धुवत राहिले. पांढरं पाणी वाहिलं, दुधासारखं. महाराजांनी तेवढ्यात म्हणून घेतलं की बघा, राग वाहून चालला. पाणी हळूहळू नितळ झालं. बाबा अजून धुतच होते. गोळा लहान होत गेला, लहान होत गेला आणि एका जागी थांबला.

बाबांनी मूठ उघडली. राखाडी, चकचकीत, चिवट. त्यांनी दोन्ही हातांनी तो ओढला. लांब ताणला गेला आणि सोडल्यावर परत आला. शिंपीण उठून जवळ गेली आणि तिनेही ओढून बघितला.

“रोज उपसतो,” बाबा म्हणाले. कुणाशीच नाही, स्वतःशीच. “रोज या बोटांनी उपसतो.”

मग ते महाराजांकडे वळले. आमचे बाबा भांडकुदळ नाहीत. त्यांनी तो गोळा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवला आणि साधं विचारलं, “हे माझ्या मुलीच्या पोटात गेलं असतं. ती उद्या पोट धरून बसली असती, तेव्हा तुम्ही कुठल्या गावात असता?”

महाराज समजुतीबद्दल काहीतरी बोलू लागले. शिंपिणीने त्यांचा हात धरला आणि मोजा ओढून काढला. तो तिने टेबलावर झटकला. पांढरी पूड उडाली. तिने बोट लावून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. “आंबट,” ती म्हणाली. इतकं छोटं भाषण मी कुठल्याच स्पर्धेत ऐकलं नाही.

सगळे शहाणे झाले असं समजू नका. जाताजाता एकाने मला समजावलं की हा मैदा नेमका नीट शुद्ध झाला नसेल. आत्या अजूनही म्हणते की त्या माणसाच्या डोळ्यांत तेज होतं. पण त्या दिवसापासून ती माझ्या लोण्याच्या डब्याला हात लावत नाही, आणि मला तेवढं तेज पुरे आहे.

त्या संध्याकाळी बाबा हात धुऊन, शर्ट बदलून वर आले. दारात थांबले नाहीत. आईच्या स्वयंपाकघरात, माझ्या वेगळ्या भांड्यात, त्यांनी तांदूळ आणि मक्याच्या पिठाचा ब्रेड लावला. ओढून बघितला तर तुटला. “याला धरून ठेवणारं काहीच नाही,” ते वैतागून म्हणाले, आणि मग आपण मोरीतल्या त्या गोळ्याबद्दलच बोललो हे त्यांना कळलं. भाजल्यावर तो विटेसारखा निघाला. मधोमध चीर. बाबांनी त्याचं टोक कापलं, फुंकर मारली, तळहातावर झेललं आणि मला दिलं. दात दुखले. मी सगळं खाल्लं. पुढचा घाणा जरा बरा होता.

तर एवढंच सांगायचंय. कुणी काळ्याचं पांढरं करून दाखवलं तर खुशाल आश्चर्य करा, आश्चर्य करणं मलाही आवडतं. पण टाळ्या वाजवायच्या आधी त्याच ग्लासात आपल्या घरातला भात टाकून बघा. हातमोजा काढायला सांगा. तो प्रत्येक उत्तरात जिंकायला लागला, तर त्याला विचारणं सोडा आणि आपल्याच मोरीत काय अडकतं ते बघा. आणि एखादी मुलगी म्हणाली की मला हे चालत नाही, तर तिच्यासमोर ताट सरकवताना तो ‘थोडंसं’ शब्द ओठांवर येईल. तो तेवढा गिळून टाका. तुम्हाला पचेल.